चाळीस ईमेल आणि दोन उत्तरं: पदवीच्या वर्षांत संशोधनाचं आणि स्वयंसेवेचं काम

तुमचा प्रश्न वाचला. थोडक्यात तो असा: पदवीचं दुसरं वर्ष, विषय जीवशास्त्र. दोन महिन्यांत चाळीस प्राध्यापकांना ईमेल केले, दोघांनी उत्तर दिलं आणि दोघांनीही 'सध्या जागा नाही' असं कळवलं. वर्गातल्या एकाने पैसे भरून पेपर छापून आणला, दुसरीने सुट्टीत दहा दिवस स्वयंसेवा करून प्रमाणपत्र मिळवलं. पुढच्या शिक्षणाच्या अर्जात वजन कशाला असतं, संशोधनाला, स्वयंसेवेला की गुणांना, आणि आपण मागे पडलोय का, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली बावीस वर्षं परिसंस्थाशास्त्राची एक छोटी प्रयोगशाळा चालवते आहे. फुलांवर येणारे कीटक हा आमचा विषय. या काळात पदवीची साठेक मुलंमुली माझ्या हाताखालून गेली, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते बहुतेक तिथूनच आलेलं आहे.

वजनाचा प्रश्न आधी बाजूला ठेवते, कारण तो सुटला तरी तुमची अडचण सुटणार नाही. तुम्ही नमुन्यादाखल जो ईमेल दिलाय तो वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की अडचण वेगळीच आहे. ज्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही अशा माणसाने स्वतःच्या कामातला एक तुकडा तुमच्या हाती का द्यावा, याचं उत्तर त्या ईमेलमध्ये नाही. संशोधन असो, स्वयंसेवा असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो, समोरचा माणूस मनात हाच प्रश्न घेऊन बसलेला असतो.

त्याच्या बाजूचा हिशोब सांगते, कारण विद्यार्थ्यांना तो कुणी सांगत नाही. पदवीचा नवा विद्यार्थी आला की पहिले सहा ते आठ आठवडे लॅब त्याला देत असते, त्याच्याकडून काही मिळत नसतं. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, शिकणं असंच असतं. पण कुणाचा तरी वेळ त्यात जातो. आमच्याकडे प्रत्येक नव्या मुलामागे पीएचडीच्या एका विद्यार्थ्याचे आठवड्याला तीन-चार तास जातात. सूक्ष्मदर्शकाखाली पंखावरच्या शिरा कशा ओळखायच्या, नमुन्याच्या बाटलीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलनेच का लिहायची (साध्या पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि नमुना कायमचा बेवारस होतो), एखादी नोंद संशयास्पद वाटली तर ती खोडायची नाही, शेजारी शेरा लिहायचा, हे सगळं शेजारी बसून शिकवावं लागतं. तिसऱ्या महिन्यापासून त्या मुलाच्या कामाचा उपयोग व्हायला लागतो. म्हणून कुणी 'एक महिन्याची इंटर्नशिप हवी' असं लिहिलं की मला दिसतं ते असं: शिकवण्याचा सगळा काळ आमचा, आणि काम सुरू व्हायच्या आत मूल गेलेलं. याउलट 'आठवड्याला सात तास, पुढची तीन सत्रं' असं कुणी लिहिलं तर जागा नसतानाही मी एकदा विचार करते.

आता कशाकशावर अवलंबून आहे तेही सांगायला हवं. गणितात किंवा सैद्धांतिक भौतिकशास्त्रात दुसऱ्या वर्षाच्या मुलाला कामात घेणं खरोखर अवघड असतं, कारण प्रश्न समजून घ्यायलाच दोन-तीन वर्षांचा अभ्यास लागतो. जीवशास्त्र, संगणकशास्त्र, मानसशास्त्र, पुरातत्त्व यांत नवख्याला करता येण्यासारखं काम पुष्कळ असतं. इतिहास-साहित्यात 'लॅब' नसते, तिथे एखाद्या प्राध्यापकासाठी दप्तरखान्यातली कागदपत्रं वाचून नोंदी करणं हेच संशोधनाचं पहिलं पाऊल. तुमची संस्था फक्त पदवीचं शिक्षण देणारी असेल तर तिथे पीएचडीचे विद्यार्थी नसतात, म्हणजे मार्गदर्शनाला मनुष्यबळ कमी, पण जे काम होतं ते थेट प्राध्यापकाबरोबर होतं. आणि घरखर्चासाठी नोकरी करावी लागत असेल तर इतरांचे सल्ले तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत. आठवड्याला वीस तास दुकानात उभं राहून शिकणाऱ्या मुलाचा अर्ज मी वेगळ्या नजरेने वाचते, पण ते मला कळायला हवं. पुष्कळ मुलं ही गोष्ट लपवतात. लिहा. एका वाक्यात, गाऱ्हाण्याचा सूर न लावता, लिहा.

ईमेलकडे येते. तुमच्या ईमेलची सुरुवात 'तुमच्या संशोधनात मला प्रचंड रस आहे' अशी आहे, आणि पुढे कुठेही ते संशोधन कशाबद्दल आहे याचा उल्लेख नाही. तो चाळीसही जणांना तसाच्या तसा पाठवता येतो, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं. असे ईमेल मला आठवड्याला आठ-दहा येतात. त्यांना मी उत्तर देत नाही हे चांगलं नाही, पण खरं आहे.

काही वर्षांपूर्वी आलेला एक ईमेल मला अजून आठवतो. पाचच ओळी होत्या. पहिल्या दोन ओळींत नाव, वर्ष आणि आमचा नेमका कुठला पेपर वाचला ते. मग असा प्रश्न: 'तिसऱ्या आकृतीत तुम्ही ढगाळ दिवसांच्या नोंदी वगळल्या आहेत. पण ढगाळ हवेत मधमाश्या कमी येत असतील आणि इतर माश्या तरीही येत असतील, तर या दिवसांना वगळल्याने इतर माश्यांचा वाटा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसणार नाही का?' शेवटी, आठवड्यातले कुठले सात तास मोकळे आहेत आणि किती महिने येता येईल. मी तासाभरात उत्तर दिलं. शंका निम्मी बरोबर होती, आम्ही वगळण्याचं कारण वेगळं होतं. पण पेपर वाचताना डोकं चालू ठेवणारं मूल आपल्याला लिहितं आहे, हे त्यावरून दिसलं, आणि मला तेवढंच हवं होतं. त्या मुलीचे गुण मध्यम होते. ते मी नंतर, कागदपत्रांसाठी विचारले.

असा ईमेल चाळीस जणांना लिहिता येत नाही. एका प्रयोगशाळेमागे दोन-तीन संध्याकाळी जातात: अलीकडचे दोन पेपर वाचायचे, त्यातला निम्मा भाग कळणार नाही हे धरून चालायचं, आणि जो कळला त्यातली एक खरी शंका शोधायची. शंका चुकीची निघाली तरी बिघडत नाही. सहा प्रयोगशाळा निवडा, सहाच. लिहिताना फक्त प्रमुखांना लिहू नका. पीएचडीचे विद्यार्थी आणि पोस्ट-डॉक (पीएचडीनंतर लॅबमध्ये काम करणारे संशोधक) यांच्याकडे काम साचलेलं असतं, मदत हवी असते आणि इनबॉक्स तुलनेने मोकळा असतो. आमच्याकडे आलेल्यांपैकी किमान तिसरा हिस्सा असा खालून आत आला: पीएचडीच्या विद्यार्थ्याने मला येऊन सांगितलं की 'या मुलाशी बोललो, बरा वाटतो, मी शिकवीन.' हे वाक्य ऐकल्यावर मी सहसा नाही म्हणत नाही. उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा, एकदाच. आणि मागणी छोटी ठेवा. 'मला प्रकल्प द्या' म्हणण्याऐवजी 'तुमच्या लॅबच्या साप्ताहिक बैठकीला मागे बसून ऐकलं तर चालेल का' असं विचारलं तर हो म्हणणं सोपं जातं. बैठकीला तीन आठवडे नेमाने येणाऱ्याला चौथ्या आठवड्यात कुणीतरी काहीतरी करायला सांगतंच.

पण ईमेलच्या आधीही करण्यासारखं एक काम आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. कुणाची परवानगी न घेता पूर्ण करता येईल असं एक छोटं काम पूर्ण करा आणि ते दाखवता येईल अशा रूपात ठेवा. आज याला पूर्वीपेक्षा कितीतरी वाव आहे.

2007 साली गॅलेक्सी झू नावाचा प्रकल्प सुरू झाला. स्लोन आकाश-सर्वेक्षणातल्या सुमारे नऊ लाख दीर्घिकांची छायाचित्रं लोकांसमोर ठेवली आणि प्रत्येकीचा आकार ओळखायला सांगितलं. पहिल्या वर्षात दीड लाखाहून जास्त लोकांनी मिळून पाच कोटी वर्गीकरणं केली. त्याच वर्षी हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला एका छायाचित्रात एक विचित्र डाग दिसला आणि 'हे काय आहे' असं तिने विचारलं. आज तो वायूचा प्रचंड ढग तिच्या नावाने ओळखला जातो. त्या प्रकल्पातून पुढे झूनिव्हर्स हे संकेतस्थळ उभं राहिलं, आणि तिथे आता प्राण्यांच्या छायाचित्रांपासून जुन्या हस्तलिखितांपर्यंत कितीतरी प्रकल्प चालतात. पक्षी पाहत असाल तर नोंदी करायला 2002 पासून चालू असलेलं ईबर्ड हे संकेतस्थळ आहे, कुठल्याही सजीवासाठी आयनॅचरलिस्ट आहे.

मात्र नुसत्या दोन हजार क्लिक दाखवून काही होत नाही. क्लिक करताना तुम्हाला जो प्रश्न पडला त्याचा माग काढलात का, हे मी पाहते. एक मुलगा आयनॅचरलिस्टवर एका भुंग्याच्या नोंदी करत होता. त्याला दिसलं की बहुतेक नोंदी शनिवार-रविवारच्या आहेत. भुंगे वार पाहून उडत नाहीत, लोक वार पाहून बाहेर पडतात. त्याने त्यावर दोन पानांचं टिपण केलं, एक आलेख काढला, आणि कुठल्या निष्कर्षांवर याचा परिणाम होईल हे लिहिलं. हे नवं ज्ञान मुळीच नव्हतं, आमच्या क्षेत्रात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याने ते स्वतः शोधलं होतं आणि टिपणाला सुरुवात, मध्य आणि शेवट होता. त्याला मी बोलावून घेतलं.

दुसरा मार्ग म्हणजे छापून आलेला एखादा निष्कर्ष स्वतः पुन्हा काढून पाहणं. पुष्कळ पेपरांचा मूळ डेटा आता ड्रायॅड किंवा झेनोडोसारख्या भांडारांत मोफत असतो. एक पेपर घ्या, डेटा उतरवून घ्या, त्यातली एकच आकृती जशीच्या तशी काढायचा प्रयत्न करा. महिना लागेल. मध्येच कळेल की पेपरमध्ये लिहिलेल्या कृतीवरून ती आकृती निघत नाही, कारण एक पायरी लिहायची राहून गेली आहे. ती पायरी कुठली असावी हे शोधताना तुम्ही जे शिकाल ते एखाद्या अख्ख्या अभ्यासक्रमातही हाती लागणार नाही. आणि त्या लेखकांना लिहायला तुमच्याकडे मग खरा प्रश्नही असेल.

या वाटेने किती दूर जाता येतं त्याचं एक ठळक उदाहरण सांगते, फक्त ते दुर्मिळ आहे हे लक्षात ठेवून वाचा. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात इटलीतल्या हर्क्युलेनियम या रोमन गावातल्या ग्रंथसंग्रहाच्या गुंडाळ्या जळून कोळसा झाल्या. त्या उघडल्या तर चुरा होतो, म्हणून क्ष-किरणांनी त्यांचं आतून चित्रण केलं, आणि 2023 मध्ये ते सगळं चित्रण लोकांपुढे ठेवून वाचण्याची स्पर्धा जाहीर झाली. केसी हँडमर यांना त्या चित्रांत शाईच्या जागी तडकल्यासारखी एक बारीक नक्षी दिसली आणि त्यांनी ते उघडपणे लिहिलं. ल्यूक फॅरिटर तेव्हा नेब्रास्का विद्यापीठात पदवीचा विद्यार्थी होता. त्याने ते वाचलं, त्या नक्षीवर संगणकाचं एक मॉडेल तयार केलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'जांभळा' या अर्थाचा ग्रीक शब्द वाचल्याचं जाहीर झालं. हर्क्युलेनियमच्या न उघडलेल्या गुंडाळीतून वाचला गेलेला तो पहिला शब्द. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की त्याने आधी कुणीतरी मांडलेलं निरीक्षण नीट वाचलं आणि त्यावर काम केलं. जागेसाठी तो थांबला नाही. तुमचं काम याच्या शतांशाएवढंही असायची गरज नाही.

आता ठरलेल्या, अर्ज करून मिळणाऱ्या कार्यक्रमांबद्दल थोडं. पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात घेण्याची व्यवस्था अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने 1969 मध्ये सुरू केली आणि नंतर तिचं अनुकरण जगभर झालं. तुमच्या विद्यापीठातही अशी काही योजना असेल तर ती आधी पाहा, कारण तिथे स्पर्धा सगळ्यात कमी असते. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम 1962 पासून चालू आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पैशावर चालणारे उन्हाळी कार्यक्रम मुख्यतः तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहेत. कॅनडातल्या मायटॅक्स ग्लोबलिंक या संशोधन-कार्यक्रमात इतर ठरावीक देशांतल्या विद्यार्थ्यांना बारा आठवडे घेतात. संगणकाकडे ओढा असेल तर 2005 पासूनचा गूगल समर ऑफ कोड हा मुक्त सॉफ्टवेअर लिहिण्याचा कार्यक्रम आहे, आणि 2022 पासून तो विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही खुला आहे. पात्रतेची अट आधी वाचा, मग अर्जाचा विचार करा. दरवर्षी मला शिफारसपत्र मागायला अशी मुलं येतात ज्यांना तो कार्यक्रम मुळात लागूच नसतो. आणि उन्हाळ्याच्या कार्यक्रमांची मुदत बहुधा त्याआधीच्या हिवाळ्यातच संपते.

समजा आत प्रवेश मिळाला. पहिले तीन महिने काम कंटाळवाणं असेल, हे आत्ताच सांगून ठेवते. जोसलिन बेल बर्नेल 1967 मध्ये केंब्रिजला पीएचडी करत होत्या, तेव्हा त्यांच्या रेडिओ-दुर्बिणीतून रोज सुमारे तीस मीटर लांब कागदाची पट्टी आलेखासह बाहेर पडायची आणि ती डोळ्यांनी तपासायची हे त्यांचं काम होतं. त्या पट्टीवर एके ठिकाणी जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची खरबरीत खूण दिसली, ती आधीही पाहिल्याचं त्यांना आठवलं, आणि त्यातून पल्सार, म्हणजे नेमक्या अंतराने रेडिओ-स्पंदनं पाठवणारे तारे, सापडले. आधीच्या मैलभर पट्ट्या लक्ष देऊन वाचल्या होत्या म्हणूनच ती खूण वेगळी दिसली. प्रत्येकाला पल्सार सापडत नाही, हे उघड आहे. पण कंटाळवाण्या कामात लक्ष टिकवणारं मूल लॅबमध्ये सगळ्यांच्या नजरेत येतं, याची मी खात्री देते.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाला मी चार महिने फक्त काचसामान धुण्याचं आणि चिठ्ठ्या लावण्याचं काम दिलं. ते कशासाठी आहे हे एकदाही समजावून सांगितलं नाही. तो हुशार होता, मुकाट्याने करत राहिला आणि एक दिवस यायचा बंद झाला. त्यानंतर मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते: हे काम कुठल्या प्रश्नासाठी चाललंय, आणि तिसऱ्या महिन्यानंतर तुला काय करायला मिळेल. तुमच्या मार्गदर्शकाने हे आपणहून सांगितलं नाही तर विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि एक वही ठेवा, लॅबच्या नोंदवहीपेक्षा वेगळी. दर वेळी निघताना पाच ओळी: आज काय केलं, काय कळलं नाही, पुढच्या वेळी काय विचारायचं. वर्षभराने अर्जात निबंध लिहायचा असतो तेव्हा ही वही सोन्याची असते.

तीन महिन्यांनंतरही कुणी काही शिकवत नसेल, आकडे 'जरा जुळवून घे' असं कुणी सांगत असेल, किंवा सुरक्षेची साधनं न देता रसायनं हाताळायला लावत असतील, तर बाहेर पडा. हातातलं काम लिहून सुपूर्द करा, आभार माना आणि निघा. संशोधनच आवडलं नाही असं कळलं तरी तीही पदवीच्या वर्षांतच कळलेली बरी अशी गोष्ट आहे.

पेपरबद्दल. मित्राने पैसे भरून पेपर छापला, यावर तुम्ही अस्वस्थ आहात. आधी एक गैरसमज दूर करते: शुल्क घेणारं प्रत्येक नियतकालिक लबाड नसतं. वाचकांना मोफत असलेली कितीतरी उत्तम नियतकालिकं लेखकाच्या संस्थेकडून किंवा अनुदानातून शुल्क घेतात. लबाडी ओळखायची ती वेगळ्या खुणांवरून. चार-पाच दिवसांत 'स्वीकारलं' म्हणून कळवणं, परीक्षकांनी एकही दुरुस्ती न सुचवणं, एकाच अंकात दंतवैद्यक, पूल-बांधणी आणि कवितेची समीक्षा असणं, संपादक-मंडळावरच्या लोकांना आपण तिथे आहोत हे ठाऊकच नसणं. मुक्त नियतकालिकांची डीओएजे ही सूची 2003 पासून आहे, नाव तिथे आहे का हे आधी पाहा. मुलाखतीत मी अशा पेपरबद्दल एकच प्रश्न विचारते: परीक्षकांनी काय बदलायला सांगितलं आणि तुम्ही ते कसं केलं? ज्याने खरंच काम केलंय तो यावर पंधरा मिनिटं बोलतो. दुसऱ्याकडे उत्तर नसतं, आणि नावावर चढलेला पेपर नंतर सहजी काढूनही टाकता येत नाही. तुमच्या मित्राला दोष देऊ नका, त्याला हे कुणी सांगितलं नसेल. पण त्याच्या मागे जाऊ नका.

लेखकांत आपलं नाव येईल का, हे काम सुरू करतानाच मोकळेपणाने विचारावं. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष बऱ्याच विषयांत मानले जातात: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि मजकुराची जबाबदारी. चारही हवेत. नुसते नमुने मोजले तर ऋणनिर्देशात नाव येतं, आणि ते योग्य आहे. पण वाटा खरा असेल तर पदवी नसणं आड येऊ नये. फोल्डइट या प्रथिनांच्या घडणीच्या खेळात खेळाडूंनी दहा वर्षांहून जास्त काळ अडलेली एका विषाणूच्या विकराची (एन्झाइमची) रचना तीन आठवड्यांत मांडली, आणि 2011 च्या त्या पेपरमध्ये खेळाडूंच्या गटांची नावं लेखक म्हणून आहेत.

स्वयंसेवेकडे येते. इथेही तोच हिशोब आहे, फक्त चुकीची किंमत जास्त नाजूक लोक मोजतात. दहा दिवसांसाठी येणाऱ्याला शिकवायलाच दहा दिवस जातात. सगळ्यात वाईट प्रकार अनाथालयांतल्या अल्पकाळच्या स्वयंसेवेचा. मुलं आलेल्या प्रत्येक ताईदादाशी जीव लावतात आणि दर पंधरवड्याला तो तुटतो. त्यातल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांकडून पैसा येतो म्हणून मुलांना तिथे ठेवलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2019 च्या ठरावात या हानीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. ज्या संस्थेत तुमची पार्श्वभूमी न तपासता तुम्हाला थेट मुलांमध्ये सोडतात, तिथे तुमच्याआधी आणखी कुणाकुणाला सोडलं असेल याचा विचार करा आणि तिथून परत फिरा.

मग काय करावं? आठवड्याला दोन तास, वर्षभर, एकाच ठिकाणी. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं ध्वनिमुद्रित करणं, परीक्षेत लेखनिक होणं, रुग्णालयात वाट दाखवण्याच्या टेबलावर बसणं, नव्याने आलेल्या लोकांना भाषा शिकवणं, जे जवळ असेल ते. तुमच्या विषयाशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असं नाही. जाण्याआधी संस्थेला तीन गोष्टी विचारा: शिकवणार कोण, अडचण आली तर कुणाकडे जायचं, आणि मी थांबल्यावर हे काम कोण करणार. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा विचारात पडला तर ती चांगली संस्था आहे असं मी समजते.

आमच्याकडे आलेली एक मुलगी भटक्या प्राण्यांच्या निवाऱ्यात दर रविवारी कुत्र्यांचे पिंजरे धुवायला जायची. तिथे लसीकरणाच्या नोंदी तीन वेगवेगळ्या वह्यांत होत्या आणि एकाच कुत्र्याला दोनदा लस टोचली जायची. तिने चार महिने रविवारी एक तास जास्त थांबून त्या सगळ्या एका तक्त्यात आणल्या आणि तिथल्या दोघांना तो भरायला शिकवला. ती सोडून गेल्यावरही तो तक्ता चालू होता. मला तिच्या अर्जात हे वाचल्यावर बाकी काही वाचायची गरज वाटली नाही, कारण नोंदी सांभाळणं हेच आमच्याकडचं निम्मं काम आहे. पण ती तिथे गेली होती कुत्र्यांसाठी. अर्ज डोक्यात ठेवून गेली असती तर त्या वह्यांकडे तिचं लक्षच गेलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

गुणांचं म्हणाल तर, बहुतेक ठिकाणी ते उंबरठ्यासारखे असतात. ठरावीक रेषेच्या खाली अर्ज कुणी उघडत नाही, वर गेल्यावर आणखी दोन टक्क्यांनी फारसा फरक पडत नाही. तुमचे गुण त्या रेषेच्या जवळ असतील तर हे सत्र अभ्यासाला द्या, बाकी सगळं पुढच्या सत्रात. माझ्या अनुभवात आठवड्याला सहा ते आठ तास लॅबला पुरतात. पाचाच्या खाली गेलं की मूल दर वेळी मागचं विसरून येतं, बाराच्या वर गेलं की परीक्षेत दिसतं. परीक्षेचे आठवडे आधीच सांगून ठेवा, कुणी नाराज होत नाही.

शिफारसपत्रासाठी कमीत कमी चार आठवडे आधी विचारा, आणि विचारताना 'तुम्हाला माझ्याबद्दल ठामपणे लिहिता येईल का' असं विचारा, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची सोय राहते. सोबत तुमच्या त्या वहीतल्या चार गोष्टी द्या. 'वर्गात नियमित हजर असते' या वाक्याने कुणाचं भलं होत नाही, ढगाळ दिवसांचा प्रश्न विचारला होता या वाक्याने होतं.

तुम्ही मागे पडलेले नाही. दुसऱ्या वर्षात आहात, आणि माझ्याकडे सर्वात चांगलं काम केलेली बरीच मुलं तिसऱ्या वर्षी आली.

आता तुमच्याकडे असलेल्या दोन उत्तरांबद्दल, कारण तुम्ही त्यांना नकार म्हणून बाजूला ठेवलंय. चाळीसपैकी अडतीस जणांनी काहीच लिहिलं नाही, या दोघांनी वेळ काढून लिहिलं. आधी त्या दोघांचे पेपर वाचा. महिनाभर घ्या, एक आकृती पुन्हा काढून पाहा. मग त्याच ईमेलखाली उत्तर लिहा: 'जागा नाही हे कळवलंत त्याबद्दल आभार. दरम्यान तुमच्या अमुक पेपरमधली दुसरी आकृती मूळ डेटावरून काढायचा प्रयत्न केला, इथपर्यंत आलो, इथे अडलो. टिपण सोबत जोडलं आहे. साप्ताहिक बैठकीला बसून ऐकता येईल का? तुमच्याकडे शक्य नसेल तर यावर काम करणारं आणखी कुणी तुमच्या माहितीत आहे का?' टिपण दोन पानांच्या वर नको. अडलेली जागा पहिल्या पानावरच दिसू द्या.